नऊ सेकंदांचा पूल

लग्नपत्रिकेच्या चारी कडांना भोकं आहेत. एकशे बेचाळीस.

एसटीत घंटी एकदा वाजली की गाडी थांबते. दोनदा वाजली की निघते.

ताकद दहा. चपळाई नऊ. वजन बावन्न.

"लिव्हरला सूज आहे, एवढंच सांगू या. पेशंटचा धीर सुटता कामा नये."

आमच्या गटाचे नियम सात होते. सातवा मी लिहिला होता.

एक राखाडी पीस, अर्ध्या तांदळाएवढं.

१

"हा पाठ करूनच उभारलाय बघ," अक्का म्हणाली. "तिकीट न काढलेलं गिऱ्हाईक असंच उभारतंय. खिडकीतनं बाहेर बघत."

"वळला की मारेल, अक्का. तलवार काढ."

"नाही काढत."

पडद्यावरचा जकातवाला वळला. त्यानं खांबाएवढा सोटा फिरवला आणि अक्काची बाई पुलावरून खाली गेली. पडदा राखेसारखा झडून काळा झाला. अक्कानं उशीजवळची कुणाची तरी जुनी लग्नपत्रिका उचलली, गाऊनच्या खिशातून तिकिटाचा पंच काढला आणि पत्रिकेच्या कडेला एक भोक पाडलं. टक्.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "चला. पुढची गाडी."

ही २०१८ च्या फेब्रुवारीतली दुपार. तासगावचं आमचं घर, मधली खोली. पद्मजाअक्का एक्केचाळीस वर्षांची, सोळा वर्षं एसटीत कंडक्टर. तिकिटाची मशीनं आली तेव्हा जुने पंच जमा करायचे होते. तिचा "राहून गेला". मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान. पुण्यातल्या नोकरीवरून लांबलचक बिनपगारी रजा काढून आलो होतो आणि येताना गेमचं यंत्र घेऊन आलो होतो, माझ्यासाठी. तिसऱ्याच दिवशी अक्कानं माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि विचारलं, "ह्यात बाई होता येतं का?"

खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. आम्ही खेळणारे त्याला 'राख' म्हणायचो. अर्ध्या वाटेवर त्यात एक दगडी पूल लागतो आणि पुलावर एक राक्षस उभा असतो. त्याला मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठी खेळणाऱ्यांनी त्याचं नाव जकातवाला ठेवलं होतं.

२

त्याला मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"हे कुणी ठरवलं?" अक्कानं विचारलं.

"असंच आहे ते."

"असंच म्हंजे कसं? दार आहे की पलीकडं. दाराला रहाट आहे. रहाट फिरवला की दार उघडत असणार. नाहीतर लावलाय कशाला?"

रहाट होता. जकातवाला मेल्यावर सगळे तो फिरवायचे. पूर्ण फिरायला नऊ सेकंद लागतात. जकातवाला जिवंत असताना त्याला हात लावायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. कारण फटका बसला की खेळाडू ढकलला जातो, हात सुटतो, रहाट उलटा फिरून मूळ जागी येतो.

"अंगात वजन असलं तर ढकललं जाईल का?" अक्का.

"कमी ढकललं जाईल. पण वजनावर कुणी गुण घालत नाही, अक्का. प्रत्येक टप्प्याला एकच गुण मिळतो. ताकदीवर घालतात, चपळाईवर घालतात. वजन म्हणजे वाया."

"मी घालते."

आणि तिनं घातले. प्रत्येक टप्प्याचा प्रत्येक गुण वजनावर. सगळ्यात जड चिलखत, सगळ्यात मोठी ढाल, तीही पाठीला बांधलेली. तिची बाई इतकी सावकाश चालायची की मला जांभया यायच्या.

आई पेजेची वाटी घेऊन दारात यायची आणि पडद्याकडे तिरपं बघायची. आमचं घर जैनांचं. आई दिवेलागणीनंतर पाणीही घेत नाही.

"बाई गं, किती ही मारामारी. ह्यातलं मारल्याचं पाप लागतं का गं?"

"मी एक मुंगी मारली नाही, आई. मीच मार खायलीय. विचार ह्याला."

"मग खेळतीस कशाला?"

"पलीकडं जायला," अक्का म्हणाली. "पाडव्याच्या आत."

३

फेसबुकवर आमचा गट होता, 'राखेतले मराठी'. चार हजार सभासद. मी तिघा चालकांपैकी, म्हणजे अ‍ॅडमिनपैकी, एक होतो. तिथं रोज एकच भांडण वेगवेगळ्या तोंडांनी चालायचं: खरा खेळाडू कोण. गुण कशावर घालतोस ते सांग, मी तुला तू कोण ते सांगतो. चपळाईवाले ताकदवाल्यांना बैल म्हणायचे. ताकदवाले जादूवाल्यांना बायल्या म्हणायचे. ढालवाल्यांना सगळेच भित्रे म्हणायचे.

अक्कानं माझ्याच फोनवरून खातं उघडलं. नाव ठेवलं 'कंडक्टर बाई'. आपल्या बाईचे आकडे टाकले आणि खाली लिहिलं: न मारता पूल ओलांडायचा आहे. कुणी केलं आहे का?

नागपूरचा सिद्धेश मेंढे सगळ्यात आधी आला. तो चालक नव्हता, पण लोकांच्या विजयाचे फोटो मोठे करकरून खोट शोधायचा. "वजन बावन्न? हा खेळाडू आहे की कपाट?"

दोनशे जण हसले. अक्काही हसली, पोटाला हात धरून. मग तिनं एका बोटानं, अर्धा तास लावून, उत्तर लिहिलं: "भाऊ, शनिवारच्या बाजाराच्या गाडीत ऐंशी माणसं असतात. मी मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत जाते. कुणाला मारत नाही. तरी जाते."

सिद्धेश: "तिथे कोणी सोटा नाही मारत, बाई."

अक्का: "तुम्ही बाजाराच्या गाडीत बसला नाहीत."

त्या दिवसापासून ती सिद्धेशला चेकर म्हणायला लागली. "आला का रे चेकर? काय म्हणतोय?" सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न हा. गटातली पोरंही रोज विचारायला लागली, आज किती सेकंद. तीन. चार. पत्रिकेची एक कड भरली, दुसरी सुरू झाली. रहाटाला हात लावला की ती तोंडानं "टण टण" करायची, आणि फटका बसून हात सुटला की एकदाच, "टण".

४

१९ जानेवारीला मिरजेच्या डॉक्टरांनी अक्काला बाहेरच्या बाकावर बसवून मला आणि आईला आत घेतलं होतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. तीन महिने, फार तर चार. पहिला स्कॅन अक्का सांगलीला एकटीच जाऊन करून आली होती, पण ते कागद गाडीत हरवले म्हणाली, म्हणून मिरजेत सगळं पुन्हा केलं. सोळा वर्षांत तिच्याकडून एक रुपयाचं नाणं हरवलं नव्हतं.

"लिव्हरला सूज आहे, एवढंच सांगू या," असं डॉक्टर नाही म्हणाले. ते मी म्हणालो. डॉक्टर म्हणाले, घरच्यांची इच्छा.

आमच्या देवघराच्या भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. त्यांनी आपली वेळ ओळखून, सगळ्यांची क्षमा मागून, अन्न सोडून देह ठेवला. त्यांच्या समाधीमरणाला पाच गावांची माणसं दर्शनाला आली होती. आई त्याच फोटोखाली उभी राहून मला म्हणाली, "तिला कळू देऊ नकोस, श्रेणिक. माझी शपथ आहे."

५

फेब्रुवारीच्या शेवटी खेळ बनवणाऱ्यांनी एक सोपा पर्याय आणला. तो निवडला की शत्रूचा फटका निम्मा लागतो. निवडणाऱ्याच्या नावाशेजारी, वरच्या उजव्या कोपऱ्यात, एक छोटं राखाडी पीस येतं.

गट पेटला. ज्यांना वेळ नाही, ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांनी खेळू नये का, असं काही जण विचारत होते. बाकीचे म्हणत होते, मग डोंगरालाही जिना बांधा. तीन दिवस मी सगळं वाचलं आणि चौथ्या दिवशी लिहिलं. शीर्षक दिलं 'हरायचा हक्क'. मी लिहिलं होतं की माणसाला न सांगता, न विचारता त्याच्यासमोरची अडचण लहान करणं ही दया नाही, तो त्याचा अपमान आहे. हजारावर लोकांना ते आवडलं. मी लगेच सातवा नियम केला: पीस लावून मिळवलेला विजय गटाच्या यादीत धरला जाणार नाही.

अक्कानं ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"लिहितोस झकास," ती मला म्हणाली. "गाडीत लावायला पाहिजे. 'परस्त्री मातेसमान'च्या शेजारी."

"पटलं का पण?"

तिनं फोन माझ्या हातात दिला. "मला पटलं रे. तुला पटलंय का?"

"म्हणजे काय! मीच लिहिलंय."

"बरं," ती म्हणाली.

मार्चच्या सहा तारखेपर्यंत ती सहा सेकंदांवर अडकली होती. शहाण्णव भोकं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या, त्या तिनं दोऱ्यानं बांधल्या होत्या. त्या दिवशी सकाळी मी अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आता महिन्यांत मोजू नका. आत आलो तर अक्का गोळी घेऊन झोपली होती, रिमोट छातीवर. पडद्यावर तिची जड बाई पुलाच्या अलीकडे, दिव्याजवळ, उभीच होती.

मी रिमोट हळूच उचलला. तीन कळा दाबाव्या लागतात. खेळ विचारतो, नक्की का? मी हो म्हणालो. कोपऱ्यात पीस आलं. मी रिमोट परत तिच्या छातीवर ठेवला.

६

ती चार वाजता उठली, अर्धी वाटी पेज घेतली आणि बसली.

"टण टण," ती म्हणाली.

फटका बसला. बाई हलली, पण हात सुटला नाही. दुसरा फटका. अक्काचे ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती. सहा. सात. मी तिच्याकडे बघत होतो, पडद्याकडे नाही. आठ.

दार उघडलं.

जकातवाला तसाच सोटा उगारून उभा होता आणि तिची बाई त्याच्याकडे पाठ करून, एकेक पाऊल टाकत, पलीकडे गेली.

अक्का ओरडली नाही. रिमोट मांडीवर ठेवून तिनं हाक मारली, "आई, जरा इकडं ये. बघ. कुणाला मारलं नाही."

आई आली. तिला पडद्यावर काही कळलं नाही, पण तिनं अक्काच्या तोंडाकडे बघितलं आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले. "साखर वाटू का गं?" तिनं विचारलं. आणि खरोखर वाटली. शेजारच्या मगदुमांकडेही देऊन आली.

गटाची रीत होती: जिंकलेल्यानं पडद्याचा फोटो टाकायचा, चालकानं बघायचा, आणि नाव यादीत चढवायचं. फोटो अक्कानं माझ्या फोननं काढला. उघडं दार, मागे जिवंत जकातवाला. यादीत नाव चढवलं मी. 'कंडक्टर बाई. न मारता. गटातल्या पहिल्या.' पीस मला दिसलं होतं. अर्ध्या तांदळाएवढं आहे, मला वाटलं, कोण बघतंय.

तासाभरात सहाशे जणांनी तिचं अभिनंदन केलं. पोरं लिहीत होती, आम्ही दोन वर्षं काय करत होतो? अक्का एकेक वाचत होती आणि मला वाचून दाखवत होती.

मग चेकर आला. त्यानं फोटोचा एक तुकडा मोठा करून टाकला. खाली एकच ओळ: "वर उजव्या कोपऱ्यात बघा."

७

"पीस म्हंजे ते सोपं करायचं ना?" अक्कानं विचारलं.

"हो."

"मी नाही लावलं."

मी फोनकडे बघितलं.

फोनवर एकाखाली एक येत होतं. फसवलं. मला आधीच वाटलं होतं. कपाट ते कपाटच. भावाच्या फोनवरून लिहितात म्हणे, चालकांची बहीण आहे वाटतं. सातवा नियम सगळ्यांना की फक्त आम्हाला?

"श्रेणिक. कधी लावलंस?"

"तू झोपली होतीस तेव्हा."

आई स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. अक्कानं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"अजून काय काय सोपं करून ठेवलंयस माझ्यासाठी?"

मी तिच्यासमोर दीड हातावर बसलो होतो. खोलीत आम्ही दोघंच होतो. तिनं नजर काढली नाही. विचारून ती थांबली, जशी गाडी थांबवून म्हाताऱ्या माणसासाठी थांबायची, ड्रायव्हरनं हॉर्न मारला तरी.

"काही नाही, अक्का," मी म्हणालो.

"नक्की का?"

"नक्की."

"बरं." तिनं पाण्याचा घोट घेतला. "नाव काढ माझं यादीतनं."

"मी लिहितो गटावर. मी लावलं होतं म्हणून सांगतो."

"नियम तुझा आहे. काढ आधी. मग काय लिहायचं ते लिही."

मी नाव काढलं. पीस मी लावलं होतं, ते लिहिलं नाही. उद्या लिहू म्हटलं. चालक म्हणून चार हजार माणसांसमोर, 'हरायचा हक्क' लिहिणारा म्हणून, कसं कबूल करणार? दुसऱ्या दिवशी गटात नवं भांडण सुरू झालं होतं आणि कंडक्टर बाई मागे पडली होती.

पीस अक्कानं स्वतः काढलं. दार उघडल्याची नोंद पुसून ती पुलाच्या अलीकडच्या दिव्यापाशी परत गेली. तिन्ही कळा तिनं मला न विचारता बरोबर दाबल्या.

८

त्यानंतर तिनं आणखी एकतीस भोकं पाडली. सात सेकंदांपर्यंत गेली. पाडवा आला. गुढी नेहमी तीच उभारायची; त्या वर्षी मी उभारली, आणि ती खिडकीतून सांगत होती, "तांब्या तिरका झालाय. अजून. हां."

त्या आठवड्यात तिला रिमोट धरवेना. तिनं तो माझ्या हातात दिला.

"तू खेळ. माझी बाई. गुण बदलायचे नाहीत, तलवार काढायची नाही."

मी गटातल्या पहिल्या दहांतला खेळाडू होतो. चपळाईवाला. वार यायच्या आत बाजूला होणारा. त्या बाईला बाजूला होता येत नव्हतं. तिला फक्त उभं राहता येत होतं. पहिल्याच फटक्याला मी नको ती कळ दाबली आणि खाली गेलो.

टक्. तिनं भोक पाडलं.

"पळायला बघतोयस," अक्का डोळे मिटून म्हणाली. "पळू नको. पाठ दे त्याला."

"लागतंय खूप."

"लागणारच की."

मी पंधरा वेळा हरलो. शेवटची काही भोकं कडेवर नाहीत, आत अक्षरांवर पडली आहेत. एक नवरदेवाच्या नावात आहे. पंधराव्या वेळी आठ सेकंद झाले. मी ओरडलो, "आठ, अक्का!" ती हसली. "एकच राहिलाय," ती म्हणाली, "एवढ्यात आपण स्टँडात शिरत असतो." मग तिनं पंच माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

अक्का १४ एप्रिलला गेली. शेवटपर्यंत आम्ही लिव्हर म्हणत राहिलो, आणि तीही लिव्हर म्हणत राहिली. आदल्या दिवशी तिनं आईचा हात धरून सांगितलं होतं, "सूज उतरायला लागलीय बहुतेक."

मागच्या वर्षी गटावर सिद्धेश मेंढ्याची पोस्ट आली. गटात आता तीन-चारशे माणसं उरली आहेत. त्यानं लिहिलं होतं, बरीच वर्षं एक गोष्ट डोक्यात होती म्हणून करून बघितली. न मारता पूल ओलांडता येतो. पीस न लावता. फक्त वजन बावन्न नाही, चौपन्न लागतं. त्यानं मार्गाला नाव दिलं होतं: कंडक्टर बाईंचा रस्ता. आणि खाली, "त्या कुठे असतात, कोणाला माहीत आहे का? त्यांना तेव्हा बोललो ते चुकलं. दोन टप्पे आणखी खेळल्या असत्या तर पीस लावायची गरज नव्हती."

मी उत्तर लिहायला घेतलं. अजून पाठवलेलं नाही.

पत्रिका, पंच आणि आगारातून आलेली तिची कागदांची फाइल माझ्या पुण्याच्या घरी एका खणात आहे.

फाइलमधला आजारपणाच्या रजेचा अर्ज ११ जानेवारीचा आहे. कारणाच्या रकान्यात, तिच्या गोल अक्षरात, 'स्वादुपिंडाचा कॅन्सर' लिहिलेलं आहे.